दहा कमी

माणसाला आपल्या तब्येतीबद्दल खरं ऐकायचं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा बागेच्या फाटकाशी ब्लडप्रेशर मोजायला बसून पाहावं. प्रेशरमामा तिथे वर्षानुवर्षं बसले. पाठ टेकायची घडीची खुर्ची गिऱ्हाइकाला, स्टूल स्वतःला, मध्ये एक लहानसं टेबल आणि टेबलावर पाऱ्याचं जुनं यंत्र. सकाळी फिरायला येणारी मंडळी चकरा मारून झाल्या की घाम पुसत खुर्चीत बसायची आणि बाही वर सारायची. मामांचं खरं नाव तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं. भाची एकदा विसरलेला चष्मा द्यायला आली, सगळ्यांदेखत 'मामा' म्हणाली, आणि त्या दिवसापासून ते अख्ख्या बागेचे मामा झाले.

त्याआधी ते एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. पुड्या बांधायच्या, सुया उकळायच्या, पेशंटला नंबराने आत सोडायचं आणि सोडण्याआधी त्याचं प्रेशर मोजायचं. डॉक्टर थकले, मुलाकडे राहायला गेले, दवाखान्याला कुलूप लागलं. जाताना त्यांनी ते यंत्र मामांच्या हातात ठेवलं. उतारवयात नवी नोकरी कोण देणार? मामांनी फाटकाशी खुर्ची मांडली.

काम मात्र चोख. आल्या आल्या पट्टा कधी गुंडाळायचे नाहीत. आधी गप्प बसवायचे. चहा पिऊन आलात का, लघवी तुंबवून ठेवली नाही ना, हे विचारायचे आणि बायकांना विचारताना आवाज खाली आणायचे. पायावरचा पाय काढायला लावायचे, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवून घ्यायचे. मग फुगा दाबत, कानात नळ्या घालून पाऱ्याकडे बघत राहायचे. मोजून झालं की सल्ला. ताटात वरून मीठ घेऊ नका. डोकं दुखत नाही म्हणजे प्रेशर नाही, या भ्रमात राहू नका, हे दुखणं न दुखताच वाढतं. झोप पुरी करा. तोंड एका बाजूला वाकडं झालं, हात उचलेना, बोबडी वळली, तर हातपाय चोळत बसू नका, उचला आणि हॉस्पिटल गाठा. आणि गोळी मनाने बंद करू नका, आकडा चांगला आलाय तो गोळीमुळेच आलाय. एखाद्या मोठ्या डॉक्टरने सांगितलं असतं तरी याहून वेगळं काय सांगितलं असतं?

सल्ल्यात खोट नव्हती, आकड्यात होती. सुरुवातीला मामा पारा दाखवील तेच सांगायचे. फिरणाऱ्यांत एक निवृत्त हेडमास्तर होते, छडी गेली तरी आवाज न गेलेले. त्यांचं वरचं एकशे सत्तर निघालं आणि मामांनी तसं सांगितलं. हेडमास्तर भडकले. रोज तासभर चालतो, संध्याकाळनंतर अन्नाला शिवत नाही, आणि मला एकशे सत्तर? यंत्र भंगारात द्या आणि तुम्ही घरी बसा, असं चारचौघांत सुनावून गेले. नंतर कितीतरी दिवस ते फाटकातून नाक वर करून जायचे, आणि त्यांच्यामागून त्यांचं सगळं टोळकं. मामांची खुर्ची रिकामी राहू लागली. पुढे हेडमास्तर स्वतःहूनच पुन्हा येऊन बसले, तेव्हा मामांनी दहा कमी सांगितले. माणूस घाबरला की आकडा चढतो, हे डॉक्टरही म्हणायचे. मग भीतीचे दहा वजा केले तर बिघडलं कुठे, असा हिशेब मामांनी मनातल्या मनात केला. हेडमास्तर खूश झाले आणि म्हणाले, "आता बसला तुमचा हात."

झालं. मग सगळ्यांनाच दहा कमी. जो हाशहुश करत आशेने तोंडाकडे बघायचा त्याला पंधरा. नेहमीच्या, जिव्हाळ्याच्या गिऱ्हाइकाला वीससुद्धा. आकडा ऐकून समोरचा चेहरा फुलतो, ते बघायची मामांना चटक लागली. आपण खोटं बोलतोय असं त्यांना वाटायचंच नाही. कडू गोळीवर साखरेचा लेप असतो तसं हे, अशी ते स्वतःची समजूत घालायचे. लोक लेप चाटतात आणि गोळी थुंकून टाकतात, हे दवाखान्यात हयात काढलेल्या माणसाला निदान कळायला हवं होतं.

घरी ताई होती. आईवडील लवकर गेले तेव्हा मामा परकरी ताईच्या कडेवर होते. तिनेच त्यांना वाढवलं. लग्न ठरताना तिने एकच अट घातली होती, भाऊ माझ्याबरोबर येईल. भावोजी भले, त्यांनी ती पाळली. आता भावोजी नव्हते. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ताई, मामा आणि ताईची मुलगी एवढीच माणसं. भाची विमा कंपनीत कामाला. लोकांनी केलेल्या दाव्यांत खरं किती, खोटं किती, हे शोधायचं तिचं काम, आणि त्यात ती वाकबगार.

ताईला प्रेशर जुनंच. सकाळची एक गोळी ठरलेली. पण गोळ्यांवर तिचा राग. एक गोळी दुसरीला घरी बोलावते, असं ती म्हणायची. आकड्याला मात्र भलती भ्यायची. चुकून जास्त निघाला तर दिवसभर दार सताड उघडं ठेवून पडून राहायची, म्हणजे आपण मेलो तर शेजाऱ्यांना कळेल, आणि तासातासाला भाचीला ऑफिसात फोन करून 'अजून आहे' म्हणून कळवायची. मामांनी मग घरीही दहा कमी सांगायला सुरुवात केली. ताई शांत, भाची शांत, घर शांत. भाचीने एकदा बॅटरीवरचं यंत्र आणायची गोष्ट काढली तेव्हा ताईने तिला झापलं की घरात जाणतं माणूस असताना डबा कशाला हवा. भावाचा तिला केवढा अभिमान! जिन्यात भेटेल त्याला सांगायची, माझा भाऊ हात लावतो आणि आकडा सांगतो.

इकडे काही महिन्यांपासून पारा वर सरकत चालला होता. मामांना दिसत होतं. वय झालं, मीठ जास्त होतंय, असं ते म्हणायचे आणि दहाच्या जागी वीस वजा करायचे, वीसच्या जागी तीस. अशी वजाबाकी पन्नासापर्यंत गेली. एकदा खोटं घरात घेतलं की त्याला रोज पोसावं लागतं.

एका सकाळी वरच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई जिन्यात भेटली आणि आभार मानायला लागली. ताईंच्या गोळ्यांनी तिला फार बरं वाटत होतं. तिलाही प्रेशर निघालं होतं, आणि ताई दर महिन्याला आपलं पाकीट तिला देऊन टाकत होत्या. तुम्ही रोज मोजता ना, त्यांना आता गोळी लागतच नाही, असं ती कौतुकाने म्हणाली. मामांनी तिला दुसऱ्याची गोळी घेऊ नका, डॉक्टरला दाखवा, असं सांगितलं खरं, पण त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तासाभरापूर्वीच पारा एकशे ब्याऐंशीवर थांबला होता आणि त्यांनी ताईला एकशे बत्तीस सांगितलं होतं.

ते उलट पावली घरी आले. ताई विळीवर भाजी चिरत होती.

"ताई, गोळ्या बंद केल्यास?"

"केल्या. कधीच्याच."

"अगं, मनाने बंद करायची नसते गोळी. आकडा चांगला येतो तो..."

"गोळीमुळे येतो. पाठ आहे मला, तू झोपेतसुद्धा बडबडतोस. पण बंद केल्यावरही चांगलाच येतोय की. तूच मोजतोस ना रोज? मग गोळी कुणासाठी गिळू?"

तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. ताई, मी तुला खोटं सांगत आलो. संतापली असती, दोन दिवस बोलली नसती, शेवटी गोळी घेतली असती. पण हा माणूस म्हणाला काय, तर माझ्यासाठी घे. ताई हसली. हे भाषण बागेतल्या लोकांना दे, म्हणाली, मला तुझा आकडा पुरे. आणि वर तिने शब्द दिला, "दीडशेच्या वर गेलं ना, त्या दिवशी मुकाट्याने घेईन."

यावर मामांनी जी युक्ती काढली ती आयुष्यभर प्रेशर मोजून लोकांची मनं राखणाऱ्यालाच सुचू शकते. उद्या एकदम एकशे ऐंशी सांगितलं तर ताई विचारणार, एका रात्रीत पन्नास कसं चढलं? भाची विचारणार, कालचं खरं की आजचं? ती तर असल्या प्रश्नांवरच पगार घेते. घरात कळलं की जिन्यात कळणार, जिन्यातून बागेत. तेव्हा रोज चार-चार वाढवायचे. ताई घाबरणार नाही, कोणाला संशय येणार नाही, आणि पाचव्या दिवशी दीडशे ओलांडून ताई गोळीवर येईल. इतके महिने काही झालं नाही, पाच दिवसांनी काय होतंय? बागेत कोणी असं विचारलं असतं तर मामांनी त्याला फाडून खाल्लं असतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच.

पहिल्या दिवशी एकशे छत्तीस सांगितलं. दुसऱ्या दिवशी एकशे चाळीस, आणि वर, जेवणात मीठ जास्त पडतंय वाटतं, अशी पेरणी. तिसऱ्या दिवशी एकशे चव्वेचाळीस. ताईच्या कपाळावर आठी पडली तेव्हा मामांना चक्क बरं वाटलं, युक्ती लागू पडतेय म्हणून. चौथ्या सकाळी पारा एकशे शहाण्णववर होता. मामा पट्टा सोडू लागले.

"किती?"

"एकशे अठ्ठेचाळीस."

"दोन कमी पडले बघ," ताई म्हणाली, आणि हसली.

मामाही हसले. दोन जास्त सांगायला त्यांचं काय जात होतं? पण चार ठरले होते ना! उद्या होईलच, असं म्हणून ते यंत्र काखेत मारून बागेकडे निघाले.

हेडमास्तरांच्या हाताला पट्टा बांधलेला असतानाच शिवणकामवाली बाई धापा टाकत फाटकाशी आली. मामा घरी पोहोचले तेव्हा ताई मोरीपाशी भिंतीला टेकून बसली होती, नळ वाहत होता, तोंड डावीकडे ओढलं गेलं होतं आणि उजवा हात मांडीवर नुसता पडला होता. पुढचं सगळं मामांनी अगदी बरोबर केलं. तोंडात पाणी घालू दिलं नाही, तळवे चोळू दिले नाहीत, खालच्या मजल्यावरच्याची गाडी काढायला लावली आणि थेट हॉस्पिटल गाठलं. बागेत सांगायचे तसंच, शब्दन् शब्द.

भाची ऑफिसातून परस्पर तिथे आली. तरुण डॉक्टर आईचा इतिहास विचारत होता आणि भाची सांगत होती. प्रेशर आहे, पण ताब्यात असतं. गोळी रोज घेते. मामा घरीच मोजतात, एकशे तीसच्या आसपास, या आठवड्यात थोडं वाढलं होतं, आज सकाळी एकशे अठ्ठेचाळीस. डॉक्टर विचारात पडला. आत्ता चढलेलं आहे ते झटक्यानेच चढलं असेल, एरवी इतकं आटोक्यात असेल तर कारण दुसरंच असणार, असं म्हणून तो आणखी कुठकुठल्या तपासण्या लिहू लागला. मामा भिंतीला चिकटून उभे होते. इथेही गप्प बसता आलं असतं. ताई आत एकटी पडली होती आणि डॉक्टर चुकीच्या वाटेने निघाला होता, म्हणून ते बोलले, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

"एकशे अठ्ठेचाळीस नव्हतं. एकशे शहाण्णव होतं."

"मोजताना चूक झाली का?" डॉक्टरने विचारलं.

"मोजताना नाही," मामा म्हणाले. "सांगताना."

गोळ्यांचं आणि चार-चार वाढवायच्या युक्तीचंही त्यांनी सांगितलं. डॉक्टरने आधी लिहिलेलं खोडलं आणि तो आत गेला. भाचीने फक्त एवढंच विचारलं, "आणि कालचं?" मामांनी कालचं खरं सांगितलं. "परवाचं?" तेही सांगितलं. ती एकेक दिवस मागे जात विचारत राहिली आणि मामा सांगत राहिले, कारण खरे आकडे त्यांना सगळे पाठ होते. मध्येच ती थांबली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली.

ताई वाचली. उजवं अंग गेलं, वाचा गेली. एकच एक आवाज तिला काढता येई, तोच प्रश्नाला, तोच उत्तराला. भाचीने मामांशी भांडण केलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती त्यांचं ताट वाढायची, कपडे धुवायला टाकायची आणि बोलायचं असेल तेव्हा भिंतीशी बोलायची. आईला मात्र तिने काही कळू दिलं नाही. या अवस्थेत तिला हा धक्का नको, म्हणाली.

काही आठवड्यांनी मामा बागेत परतले आणि खरं सांगू लागले. हेडमास्तरांचं एकशे अठ्ठ्याहत्तर निघालं. हेडमास्तरांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि बहिणीच्या आजारपणाने तुमचा हात गेला, थोडी विश्रांती घ्या, असं सांगितलं. मामांनी त्यांना स्पष्ट शब्दांत सांगून टाकलं की आजवर मी तुम्हाला कमी सांगत होतो. हेडमास्तरांनी ते मुळीच मानलं नाही. बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं त्यांनी सगळ्यांना हळहळून सांगितलं. मंडळी आता कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मोजतात. तिथे बॅटरीवरचं यंत्र आहे. तीनदा मोजून घेतात आणि सगळ्यांत कमी आलेला आकडा घरी नेतात.

मामांना उरली ती ताई. भाचीने आता तो बॅटरीवरचा डबा आणलाच होता, पण त्याचा पट्टा ताई डाव्या हाताने ढकलून द्यायची आणि मामांकडे बघायची. आधी मामांनी मोजायचं, आकडा सांगायचा, मगच डब्याला परवानगी. रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी भाची डबा घेऊन उशाशी उभी राहायची. मामांचा आकडा आणि डब्याचा आकडा, फार तर दोन-तीनचा फरक. ताईला वाटायचं, भावाची आणि डब्याची शर्यत लागलीय आणि भाऊ जिंकतोय. जुळलं की ती अर्ध्या तोंडाने हसायची आणि लेकीकडे बघायची. मामांना ते हसू सोसवत नसे, तरी दिवसभर ते त्याच्यावरच जगायचे.

गोळ्या नियमाने जात होत्या. आकडा उतरत चालला होता. एका सकाळी पारा एकशे तेहतीसवर आला. मामांनी पट्टा सैल केला, थोडं थांबून पुन्हा मोजलं. एकशे तेहतीसच. इतका चांगला आकडा त्या घरात कितीतरी काळाने आला होता, आणि तो खरा होता. मामांनी मान वर केली. भाची डबा घेऊन उभी होती. तेहतीस म्हटलं की हिला वाटणार, म्हातारा परत सुरू झाला. डब्याने अर्ध्या मिनिटात सगळं निवळलं असतं, पण ते अर्धं मिनिटसुद्धा मामांच्याने सोसवेना.

"एकशे त्रेचाळीस," मामा म्हणाले.

भाचीने डब्याचा पट्टा बांधला. डबा गुरगुरला, थांबला, आणि त्यावर एकशे बत्तीस उमटलं. तिने पुन्हा मोजलं. मग डबा आईला दिसेल असा धरून तिने मामांकडे पाहिलं. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच त्यांच्या तोंडाकडे बघून बोलत होती.

"आज दहा जास्त सांगितलेत. का?"

ताई एकदा डब्याकडे, एकदा भावाकडे बघत होती. तिने आपला तो एकच आवाज काढला, आणि तो प्रश्नच होता. मामा यंत्राच्या नळ्या गुंडाळू लागले. तेव्हा भाची आईच्या उशाशी बसली आणि तिने सगळं सांगितलं, न रागावता, ऑफिसात एखादा दावा वाचून दाखवावा तसं. बागेतले दहा, घरातले पन्नास, त्या शेवटच्या आठवड्यातले चार-चार. ताई शेवटपर्यंत ऐकत होती. दोन कमी पडले होते त्या सकाळीपाशी भाची आली तेव्हा ताईने डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी मामा यंत्र घेऊन आले, तेव्हा ताईने डावा हात पांघरुणाखाली ओढून घेतला आणि लेकीची वाट बघत पडून राहिली.